पांडवलेणीच्या दोन बाजू
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला पांडवलेणीच्या पायऱ्यांपाशी काढलेली रविवारची एक सकाळ आठवते. तेव्हा नाशकात डोंगरावर सायकल चढवणारं माझ्याशिवाय कोणी मला माहीत नव्हतं, आणि घरचे तर हसायचेच. मग सायबर कॅफेत शोधता शोधता अशाच वेड्यांचा एक फोरम सापडला. सगळे परदेशातले, पण एक जण चक्क नाशिकचा निघाला. कित्येक महिने आम्ही टायर, ब्रेक आणि उतारांबद्दल लिहीत राहिलो. शेवटी त्यानं लिहिलं, ‘रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायथ्याशी भेटू.’ मोबाइल दोघांकडेही नव्हता. त्याला शोधावं लागू नये म्हणून मी हायवेकडच्या पायऱ्यांपाशी थांबलो. आदल्या संध्याकाळी पंक्चर काढलं होतं, त्याचा वास अजून बोटांना होता. ऊन चढलं तसं काकड्या विकणाऱ्या बाईंनी विचारलं, “कोनाची वाट पाहता, भाऊ?” म्हटलं, “मित्राची.” “नाव सांगा, दिसला तर पाठवते.” मला फक्त त्याचा फोरमवरचा आयडी ठाऊक होता. म्हटलं, “नाव नाही माहीत.” “दोस्त हाय आन नाव नाय म्हाईत?” त्या हसल्या नाहीत, तिखटमीठ लावलेली काकडी तेवढी हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याचा निरोप वाचला: ‘डोंगराच्या मागच्या कच्च्या वाटेवर दुपारपर्यंत थांबलो. आपल्यासारखा सायकलवाला पायऱ्यांकडे कशाला जाईल, असं वाटलं.’ मी लगेच उत्तर लिहिलं आणि खाली पहिल्यांदा माझं खरं नाव टाकलं, पण तो पुन्हा फोरमवर दिसलाच नाही. आता फोनवर सायकलवाल्यांचे ढीगभर ग्रुप आहेत. तरी रविवारी मी आधी डोंगराला एक फेरी मारतो, आणि मगच चढायला लागतो.