जनरेटरच्या गाडीवरची खोली

माझ्या बायकोला लघवी आवरत नाही. हे लिहायला तिची परवानगी काढावी लागली, आणि ती मिळायलाही पुष्कळ दिवस गेले. ऑपरेशननंतर सुरू झालेली ही तक्रार. त्यात गुडघे गेलेले, उकिडवं बसणं जमत नाही. चिखल्याहून तुमसरला जायचं म्हटलं तरी ती आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची. एकदा तशीच कोरड्या तोंडाने निघाली आणि एसटीत चक्कर येऊन पडली. त्यानंतर तिने घराबाहेर पडणंच सोडलं.

याला दोन वर्षं झाली. मधल्या काळात तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. बहीण गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या गावात राहते, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हिने फोनवर सांगितलं, "पाय दुखून राहिला." पाय दुखतो म्हणून सख्ख्या भाचीचं लग्न कोणी चुकवतं का? बहिणीने बोलणं टाकलं.

मी म्हटलं, "खरं सांगून टाक ना."

"तुमाले लाज नाही वाटत का? फोन तिचा घरजावई उचलते."

पुढे त्या भाचीला मुलगी झाली. नामकरणाचं बोलावणं आलं, तेही जावयाकडून. बहिणीने स्वतः फोन केला नाही. ही त्या दिवशी जेवली नाही. या खेपेला गेलो नाही तर दोघी बहिणी जन्माच्या तुटतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. नामकरणाला महिनाभर होता.

तुमसरच्या एका मंडपवाल्याकडे जुनी दोनचाकी गाडी विकायला होती. वरातीच्या मागे जनरेटर ठेवून ओढतात ना, ती. बावीस हजारांत घेतली. त्यावर पत्र्याची खोली करायची, आत कमोड बसवायचा, झोपायला फळी टाकायची आणि माझ्या जुन्या जीपमागे जोडायची. जागा आपली, पाणी आपलं, कुठेही थांबा, कोणाचं दार वाजवायला नको.

"लोक का म्हणतील? संडास घेऊन फिरून राहिले?" ती म्हणाली.

"झोपायची खोली आहे म्हणून सांगू."

मग झोपायची खोली दिसावी म्हणून पंखा आला. पंख्यासाठी बॅटरी, बॅटरीसाठी छपरावर सोलरची प्लेट. दुकानदार प्रत्येक वेळी विचारायचा, "अजून का का चालवाचं आहे, काका?" मी मूर्खासारखं खरं सांगायचो. पाणी चढवायची छोटी मोटर म्हटल्यावर बॅटरी बदलून मोठी घ्यावी लागली. सगळ्यात स्वस्त निघाला तो कमोड, ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप. पन्नास हजार धरले होते, ते छप्पर बसायच्या आधीच संपले.

आणि छप्पर बसल्यावर मी खरा घोळ घातला. तेहतीस वर्षं मी मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काढली. पाळी सुरू झाली की आधी लोखंडी सब्बल घेऊन छत ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर खुशाल खाली उभं राहा. ढबढब आला तर दगड सुटलाय, टेकू द्या, नाहीतर पाडून घ्या. गाडीत शिरलो आणि हाताला लागलेल्या पान्याने मी छप्पर ठोकलं. ढबढब. पत्रा तो, दुसरा कसा वाजणार? पण डोक्याला कळलं तरी हाताला कळेना. त्या आवाजाखाली बायकोला झोपवायचं म्हटल्यावर मला घामच फुटला.

सहा टेकू लावले, जाड अँगलचे. वर आडवे तुकडे, कोपऱ्यांना तिरके. वेल्डिंगवाला दोनदा म्हणाला, "जास्त होऊन राहिलं, काका." मी त्याला गप्प बसवलं. वरून अठरा हजार गेले. पुन्हा ठोकलं, आता आवाज चांगला आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

नामकरणाला चार दिवस राहिले तेव्हा जोडून आंबागडच्या रस्त्याला नेली. पहिल्याच चढावर जीप थांबली. क्लचचा जळका वास सुटला आणि गाडी आम्हालाच मागे ओढू लागली. मी चाकांना दगड लावेपर्यंत ही खाली उतरली होती.

"राहू द्या जी. नाही जात मी. सांगा, पाय दुखते म्हणून."

रागावली असती तर मी भांडलो असतो. ती शांत होती, तेच मला सहन झालं नाही. मी कसंबसं टेकूंचं समजावलं. तिने आत डोकावून ते सगळे अँगल पाहिले आणि मग वर बघितलं.

"याच्यावर डोंगर आहे का जी?"

मीही वर पाहिलं. वर आकाश होतं, आणि तिने दाखवेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाही टेकू कापले. भंगारवाल्याने हसतहसत नेले, दिले किती ते मी कोणाला सांगत नाही. नवा क्लच धरून सगळं मिळून सव्वा लाखावर गेलं. आमचा मुलगा फोनवर म्हणाला, एवढ्यात दहा वेळा टॅक्सी झाली असती. टॅक्सीत कमोड असतो का रे, मी विचारलं.

वाटेत अकरा वेळा थांबलो. दर वेळी मी खाली उतरून धानाच्या बांदीकडे तोंड करून उभा राहायचो, जसा काही पीक पाहायला आलोय. पवनीच्या अलीकडे एका माणसाने विचारलं, "का विकता जी गाडीत?" मी म्हटलं, "आज बंद आहे." ही आतून हसली ते मला ऐकू आलं. तिचं हसणं मी फार दिवसांनी ऐकत होतो.

बहीण अंगणात होती. "जय भीम, भाऊजी," मला म्हणाली. हिच्याकडे पाहिलंही नाही. हिने बहिणीचं मनगट धरलं, मागे गाडीपाशी नेलं आणि दार उघडलं. बहिणीने कमोड पाहिला, बाजूचा धरायचा दांडा पाहिला, मग हिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"ऑपरेशनपासून."

"अन् मले नाही सांगितलं? मी तुले किती वाईट बोलली सगळ्याइच्या समोर, मालूम आहे का?" असं म्हणून तिने हिच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. ही तिच्या शेजारी बसली. मी जीपचं बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिलो. माझेही डोळे भरले होते, कशाला लपवू?

तिसऱ्या दिवशी निघायला म्हणून गाडी जोडायला गेलो तर ही म्हणाली, "ते राहू द्या इथंच. मी महिनाभर राहून राहिली. जा तुमी."

एकटाच परतलो. घरी आलो तर दाराला कुलूप होतं, जाताना मीच लावलेलं. आंबागडची ती फेरी सोडली तर दोन वर्षांत आमच्या दाराला एकदाही कुलूप लागलं नव्हतं, कारण ती कायम आतच असायची. मी ते लगेच उघडलं नाही. ओट्यावर बसून निवांत बिडी ओढली.