दाजींचा कान

एखादी वस्तू विकत न घेता तिच्यापायी आयुष्याची इतकी वर्षं घालवलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या दाजींना स्पोर्ट्स कार घ्यायची होती. नवी नव्हे, कुणीतरी हौसेने वापरलेली, दोन दारांची. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझे सगळे केस काळे होते. पैशाची अडचण नव्हती. ताईचा विरोध होता, पण तो तिच्या इतर विरोधांपेक्षा जास्त नव्हता. अडचण एवढीच होती, की गाडी टर्बोची घ्यावी की बिनटर्बोची, हे दाजींचं ठरत नव्हतं. अकरा वर्षं ठरत नव्हतं. जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगच्या एकेका चौकोनावरून शेजाऱ्यांची बोलणी बंद झालेली आहेत, आणि दाजींनी आपला चौकोन दोन कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची ठेवून राखला होता. दर वर्षी सभेत त्यावर प्रश्न निघायचा. दाजी उभे राहून ‘गाडी येतेय’ एवढंच सांगायचे आणि खाली बसायचे. सेक्रेटरी इतिवृत्तात ‘येतेय’ असं लिहून घ्यायचे.

टर्बो म्हणजे काय ते दाजींनी मला जेवताना समजावलं, कारण ताईच्या घरी जेवणावरून मध्येच उठता येत नाही. दाजी मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं इकडे काढूनही त्यांचं बोलणं गावाकडचंच राहिलं आहे. ‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘इंजिनालाबी हवा लागती. नॅचरल इंजिन आपल्या छातीनं ओढवंल तेवढीच हवा ओढतं. टर्बोवाल्याला एक पंखा असतो. इंजिनातनं जो धूर बाहेर पडतो त्याच्यावरच तो फिरतो, आन आत हवा कोंबतो. म्हंजे एकजण भूक असंल तेवढं जेवतो, आन दुसऱ्याला आग्रह करून वाढत्यात. आग्रहाचा गडी जोरात पळतो. पण पंखा फिराय लागंपतोर जरा थांबाय लागतं.’ मी नको नको म्हणत असताना ताई माझ्या ताटात तिसरी पोळी टाकत होती. तिच्याकडे बोट दाखवून दाजी म्हणाले, ‘ही टर्बो.’

पुढे त्यांनी सगळ्या नातलगांची या दोन जातींत वाटणी करून टाकली. ताई टर्बोच होती, कारण ती आधी बराच वेळ काही बोलत नाही आणि मग एकदम बोलते. मी नॅचरल, ‘पण इंजिन ल्हान.’ भाचीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलाने कांदेपोहे संपवले, पाणी प्यायला, आणि मग नोकरीची माहिती सांगितली. दाजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, ‘उशिरा उचलतोय, पण उचललं की चांगला पळंल.’ लग्न झालं. जावई खरोखरच चांगला निघाला, त्यामुळे आम्हाला दाजींना काही बोलायची सोय राहिली नाही. स्वतः दाजी मात्र कशातच बसत नव्हते. सोमवारी ते टर्बोच्या बाजूने असत, गुरुवारपर्यंत नॅचरलच्या, आणि रविवारी सकाळी मला घेऊन खारघर, पनवेल, ठाणे, जिथे कुठे एखादी गाडी विकायला निघाली असेल तिथे निघत. जायचं त्यांच्या स्कूटरवरून. पाम बीच रस्त्यावर आम्हाला सायकलवाले मागे टाकायचे आणि दाजी मागे वळून मला वेगाबद्दल सांगायचे.

गाडी बघायला गेले की ते तिच्याकडे बघत नसत. रंग, चाकं, कातडी सीटा, कशालाच हात लावत नसत. ‘चालू करा’ म्हणायचे आणि डोळे मिटून बोनेटपाशी उभे राहायचे. कारण दाजींचं खरं भांडवल म्हणजे त्यांचा कान. रबाळ्याच्या एका कारखान्यात हवेचे मोठे कॉम्प्रेसर आहेत, त्या खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. यंत्रात काय बिघडलंय ते मीटरला कळायच्या आधी दाजींना कळे. त्यांच्याजवळ एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालत्या यंत्राला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, की आतलं सगळं ऐकू येतं, असं ते म्हणत. जुने फिटर असंच करतात. आमच्या ताईच्या लग्नाच्या हळदीला कारखान्यातून माणूस बोलवायला आला होता आणि नवरदेव पिवळ्या अंगाने जाऊन बेअरिंग कोणतं ते सांगून परत आले होते. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला त्यांनी एकदा पंधरा दिवसांची मुदत दिली, तो चौदाव्या दिवशी गेला. त्या खोलीत कानात बोळे घालून जायचा नियम होता. दाजींनी तो कधी पाळला नाही. साहेबांनी विचारलं तर म्हणायचे, ‘साहेब, डाक्टर डोळं बांधून पेशंट तपासतो का?’ साहेब हसून पुढे जायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर फार आवडायचं. मी ते चार ठिकाणी सांगून हशा मिळवला आहे. आज सांगवत नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत काही बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. कुकरच्या शिट्या मोजायचं काम घरात दाजींकडे होतं. तांदळाची पेज व्हायला लागली तेव्हा ताईने ते काढून घेतलं. ताई बोलायची आणि दाजी भलतंच उत्तर द्यायचे, मग ताई म्हणायची, ‘यांचं लक्ष गाडीत.’ पंप पुन्हा एकदा गेला, तोही दाजींनी आदल्याच दिवशी तपासून पास केल्यावर. तेव्हा त्यांनी ग्रीस देणाऱ्यावर खापर फोडलं. आम्ही सगळे हसलो. घरात एक विनोदी माणूस असला की त्याच्या प्रत्येक गोष्टीला हसायची सवय लागते, आणि ती सवय फार वाईट आहे.

मग ऐरोलीच्या गावठाणातल्या एका शेठचा पत्ता लागला. एके काळी त्यांच्या घरची खाडीकाठी शेती होती, आता तिथे त्यांच्या दोन इमारती आहेत आणि शेठ गाड्यांचा शौक करतात. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या, लाल टर्बो आणि पांढरी नॅचरल. लेकीने मोठी गाडी घेतल्यामुळे दोनांतली एक काढायची होती. कोणती, याचा शेठना आग्रह नव्हता. ‘तुमाला जी पसंत परंल ती न्या,’ ते म्हणाले, ‘मना दोन्ही सारख्याच हाईत.’ देवाने दाजींची परीक्षा घ्यायचं ठरवलं असतं तरी याहून नेमका पेपर काढता आला नसता. आम्ही ओळीने पाच रविवार गेलो. पहिले चार रविवार दाजींनी दोन्ही गाड्या जागेवर नुसत्या चालू ठेवून ऐकल्या, रेस द्यायला सांगितलं नाही. शेठच्या घरचे सुके बोंबील मला आवडायला लागले होते. पाचव्या रविवारी दाजी मला म्हणाले, ‘पाव्हणं, आज ठरवायचं. फुडल्या वर्षी रिटायर होतोय, किती दिवस कुंड्या ठेवू?’

पांढरी गाडी ऐकून झाली. तिचा आवाज खर्जातला, भरलेला. दाजींनी मान डोलावली. मग शेठ लाल गाडीत बसले आणि पाय दाबला. इंजिनाच्या गुरगुरीच्या वर एक बारीक, लांब शिटी उठली. माझ्यासारख्या अडाण्यालाही ती स्वच्छ ऐकू आली. दाजी डोळे मिटून उभे होते. त्यांनी हात वर करून शेठना थांबवलं आणि म्हणाले, ‘शेठ, हिचा टर्बो मेलाय.’

शेठचा चेहरा पडला. ‘मेला कसा, दादा? काल मी चालवली ना.’

‘गाडी पळंल. पण पंखा फिरत न्हाई. फिरला तर शिट्टी येती. ही निस्ती गुरगुरतीय.’

शेठनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याला कुणी फसवणारा समजतंय याचं दुःख त्यांच्या डोळ्यांत होतं, पण त्याहून वेगळंही काही होतं, आणि ते मला नको होतं. त्यांनी ओळखलं होतं. मी खाली बघितलं. शेवटी शेठच हळू आवाजात म्हणाले, ‘दादा, तुमचा तो लांब पेचकस लावून बगा ना येकदा.’

दाजींनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक टर्बोच्या कवचाला लावलं आणि मूठ कानामागे टेकवली. ‘द्या रेस,’ म्हणाले. शेठनी पाय दाबला. शिटी उठली, उतरली, पुन्हा उठली. दाजींचा हात मुठीवर घट्ट होता. यंत्राची थरथर त्यांच्या हाडाला लागत असणार, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

‘फिरतोय,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, ‘पाव्हणं, तुमाला ऐकू येतंय?’

‘हो, दाजी.’

‘कसं?’

‘बारीक शिटी. लांबून आल्यासारखी.’

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला, पिशवीत ठेवला आणि शेठना हात जोडून म्हणाले, ‘माफ करा. गाडी चांगली हाय. कान मेलाय.’ शेठनी त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशी आम्ही बोंबील खाल्ले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: बारीक, उंच आवाज गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. खालचे आवाज शाबूत आहेत. आणखी किती जातील सांगता येत नाही, पण यापुढे कारखान्यात उघड्या कानाने पाऊल टाकायचं नाही. घरी आल्यावर ताईने तो आलेख उलटसुलट करून पाहिला. ‘म्हणजे मी हाका मारत होते त्या यांना येतच नव्हत्या?’ तिने मला विचारलं. मी हो म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा कसलाही आवाज न करता बराच वेळ तिथे राहिली. मग बाहेर येऊन दाजींच्या अगदी समोर बसली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘पांढरी घ्या.’

दाजी म्हणाले, ‘लाल जास्त पळती.’

‘पळून कुठे जायचंय? पांढरीचा आवाज येतो ना सगळा?’

‘येतो.’

‘मग येतोय तोवर ऐका.’

अकरा वर्षांचा प्रश्न ताईने अशा रीतीने सोडवला. पांढरी गाडी आली. कुंड्या गॅलरीत गेल्या, मोडकी खुर्ची सेक्रेटरींनी आठवण म्हणून मागून नेली, आणि सभेच्या इतिवृत्तात ‘आली’ असं लिहिलं गेलं. कारखान्यातले उरलेले महिने दाजींनी कानात बोळे घालून काढले. रविवारी सकाळी पाम बीच रस्ता मोकळा असताना दोघं निघतात. दोनच सीटा असल्यामुळे माझी सुटका झाली आहे. दाजी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वर चढवतात आणि ताई मांडीवर घड्याळ धरून दहा मिनिटं मोजते. दहा झाली की त्यांच्या खांद्यावर हात ठेवते. डॉक्टरांनी एवढीच परवानगी दिली आहे, असं ती सांगते. डॉक्टरांना तिने विचारलं होतं का, हे मी विचारलेलं नाही.

मला वाटलं होतं लाल गाडीचा विषय संपला. पण मागे एकदा जेवताना दाजींनी विचारलं, ‘पाव्हणं, ती शिट्टी नेमकी कशी होती हो?’ मी सनईसारखी म्हणालो. महिन्याभराने पुन्हा विचारलं, तेव्हा मी डासासारखी म्हणालो. ते म्हणाले, ‘मागल्या टायमाला सनई म्हणाला व्हता.’ मला फार लाज वाटली. त्यानंतर मी अधूनमधून एकटाच ऐरोलीला जातो. शेठनी लाल गाडी विकलेली नाही. मला बघितलं की ते काही न विचारता किल्ली घेऊन खाली येतात. ‘दादाला सांगा, फिरतो हाय अजून,’ म्हणतात आणि पाय दाबतात. मी बोनेटपाशी डोळे मिटून उभा राहतो आणि नीट ऐकून घेतो. घरी गेल्यावर दाजींना बरोबर सांगता आलं पाहिजे.