न्हाणीच्या दगडावरचं ओलं पाऊल

आधीच सांगून टाकते, भूतखेत, छाया, बाहेरचं, असलं काही मी मानत नाही. माझे वडील शाळामास्तर होते. आमच्याकडे कुणाला नजर लागली म्हटलं की ते आधी जीभ बघायचे आणि मग एरंडेल पाजायचे. लग्न झालं तेही अशाच माणसाशी. हे भोर संस्थानात ओव्हरसियर, देवळात जायचे ते घुमटाचं बांधकाम बघायला. त्यामुळे पुढचं सगळं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि मनात हसले असते. पण ते माझ्याच अंगणात घडलं... लख्ख उन्हात, सकाळी दहाच्या सुमाराला. आणि एकदा नाही, चार वेळा.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीचा उन्हाळा होता. आमचं घर भोरमध्ये, नीरेकडे उतरणाऱ्या एका बोळात. परसात आम्ही भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती झाल्या, कौलं चढली, आणि घोडं अडलं ते न्हाणीघराच्या फरशीपाशी.

आज कुणाला हसू येईल, पण भाडेकरूला स्वतंत्र न्हाणीघर ही तेव्हा आमच्या बोळात अपूर्वाईच होती. मी तर नुसती हवेत होते. पुण्याला मावसबहिणीकडे मी सिमेंटच्या रंगीत फरश्या पाहिल्या होत्या — तांबड्या चौकोनात पांढरं फूल. ते फूल डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ह्यांचं म्हणणं, शहाबादी घालावी, वर्षानुवर्षं बघायला नको. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी ठरलं की दोन्ही नमुने अंगणात मांडायचे, पाणी ओतायचं, चालून बघायचं आणि मग निकाल लावायचा. हे पुण्याला कामाला गेले होते, तेव्हा येताना सर्व्हिस मोटारीतून एक रंगीत फरशी मांडीवर घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी.

तिसरा नमुना आम्ही मागितलाच नव्हता. वेल्ह्याकडचा राघू पाथरवट पायऱ्यांचे दगड घेऊन आमच्याकडे यायचा. त्याने आमचा वाद ऐकला आणि गाडीतून एक काळी लादी उतरवली. हातभर चौरस, वरून छिन्नीने बारीक टाकी मारून खरखरीत केलेली.

"बाई, ह्यो दगड पाय धरतो," तो म्हणाला. "पान्यात सोडत न्हाई."

एवढ्या हौसेच्या न्हाणीघरात हा काळा धोंडा कोण घालणार, असं मला वाटलं. पण तोंडावर नको कसं म्हणायचं, म्हणून तीही लादी ओळीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळवण घालायला अंगणात गेले, तर काळ्या लादीवर ओलं पाऊल. एकच. डावं. बाकी अंगण खडखडीत कोरडं. मला वाटलं, शेजारच्या काशीकाकू येऊन पाय ठेवून गेल्या असतील, त्यांनाही ह्या प्रकरणाची भारी उत्सुकता होती. पण काकू तर सकाळपासून किकवीला लेकीकडे गेलेल्या. दुपारी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले की सांडलेलं पाणी असेल, त्याला काय कसलाही आकार येतो.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. तीच लादी, तीच जागा. ह्या वेळी मी गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. टाच, तळव्याचा बाक, बोटं... मोजली तर चारच. करंगळी नव्हती. हात लावून पाहिला तर पाणी गार होतं आणि लादी भाजत होती.

खरं सांगते, भीती वाटलीच नाही. उलट छातीत काहीतरी उड्या मारत होतं, लहानपणी जत्रेत पाळणा वर जाताना व्हायचं तसं. मी तशीच धावत कचेरीपर्यंत गेले आणि शिपायाकडून ह्यांना बाहेर बोलावलं. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण आम्ही घरी पोचेपर्यंत ते वाळून गेलं होतं. हे माझ्याकडे असे बघत राहिले की मला रडू आलं. मग बहुधा माझी दया येऊनच म्हणाले, की रविवारी मी स्वतः बसतो.

रविवारी त्यांनी लादीभोवती दोन हातांपर्यंत चाळणीने रांगोळी भुरभुरली. चिमणी चालली तरी कळलं असतं. ओसरीवर खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन ते बसले. शेजारी मी, आणि परत आलेल्या काशीकाकू. दहा वाजून गेले. हे जांभई देत होते, आणि काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

आधी टाच उमटली. जणू दगडाच्या आतूनच पाणी वर आलं. मग तळवा. मग एकेक करून चार बोटं. भोवतीची रांगोळी होती तशीच, एक कण हललेला नाही.

हे उठले. आत गेले, नकाशे गिरवायचं पातळ मेणकापड आणि पेन्सिल घेऊन आले, रांगोळी तुडवत लादीपाशी बसले आणि पावलाची कड गिरवून घेतली.  रेघ जराही चुकली नाही. सोमवारी आम्ही पुन्हा पाहिलं, कापड वर ठेवलं, सुताचाही फरक नाही.

काकूंचं म्हणणं पडलं की लादी नीरेत टाकून द्या, ही लक्षणं बरी नाहीत. पण माझ्या मनात एक गोष्ट केव्हाची आली होती. पावलाची बोटं खोल्यांच्या दाराकडे होती. ते कुणी जाणारं नव्हतं, येणारं होतं. येणाऱ्याला कुणी नदीत टाकतं का? मी ह्यांना सांगितलं की फुलं राहू देत, न्हाणीला काळाच दगड घालायचा. आठ दिवस शहाबादीसाठी भांडणारा माणूस नुसता "बरं" म्हणाला.

राघूला विचारलं, तर त्याला त्या दगडाचं काही विशेष ठाऊक नव्हतं. नेहमीच्याच खाणीतला होता. त्याने उरलेल्या लाद्या आणल्या, गवंड्याने बसवल्या, नमुन्याची लादी अगदी उंबऱ्याशी आली. त्यानंतर पाऊल कधी उमटलं नाही. मी रोज दहाला जाऊन बघायचे. आषाढ गेला, आणि मग मीही नाद सोडला.

श्रावण संपताना खोल्या बघायला एक बाई आल्या. वत्सलाबाई त्यांचं नाव, मुलींच्या शाळेत नव्याने नेमणूक झालेल्या, तिशीच्या, एकट्या. काठी टेकत चालत होत्या. पायात बूट होते, तेव्हा बायका सहसा घालत नसत, म्हणून माझ्या लक्षात राहिले. खोल्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आधी न्हाणीघर दाखवा म्हणाल्या. आधी पाहिलेल्या दोन खोल्या त्यांनी गुळगुळीत फरशीपायीच नाकारल्या होत्या. चैत्रात टांगा उलटून पाय चेचला होता, आणि पुन्हा घसरलात तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय गेला म्हणजे नोकरी गेली, आणि मागे बघणारं कुणी नाही. हे सगळं त्यांनी दारातच, अगदी शांतपणे सांगितलं.

मी बादलीभर पाणी ओतलं. त्यांनी बूट काढले, लुगडं थोडं उचललं, उंबऱ्यापाशी पाय ठेवला. दोन पावलं आत गेल्या, काठी भिंतीला लावून दिली आणि मोकळ्या उभ्या राहिल्या.

"इथं राहते मी," त्या म्हणाल्या.

बाहेर येताना त्यांचा ओला डावा पाय व्हरांड्याच्या कोरड्या जमिनीवर पडला. मी खाली पाहिलं. टाच, तळवा, चार बोटं.

 मी आत धावले, कपाटातून मेणकापड काढून आणलं आणि त्यांच्या देखतच त्या ठशावर ठेवलं. रेघ रेघेवर बसली. हे कचेरीतून आले तेव्हा ह्यांच्यासमोर मी परत पाणी ओतलं. बाई बिचाऱ्या न कुरकुरता पुन्हा चालल्या. ह्यांनी दोनदा ताडून पाहिलं, मग कापडाची घडी करून खिशात घातली आणि ओसरीवर जाऊन बसले.

बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की हे कुठल्या महिन्यात. वैशाखात, मी म्हटलं.  वैशाखभर त्या साताऱ्याच्या इस्पितळात होत्या. पाय प्लॅस्टरमध्ये, करंगळी कापलेली, जमिनीला तळवा लागला नव्हता. भोरला नेमणूक होणार हे तर आषाढात कळलं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "तिथली नर्स रोज दहाला यायची. म्हणायची, पाय हलत नाही ना, मग मनातल्या मनात चाला. मी डोळे मिटून चालायचे. कुठे ते ठरवलेलं नसायचं. एक पाऊल टाकलं की दमायचे." आणि त्या म्हणाल्या, "पण ते ओलं कसं, हे काही मला कळत नाही."

बाई आमच्याकडे नऊ वर्षं राहिल्या. पहिल्या दिवाळीनंतर काठी सुटली. ह्या विषयावर आम्ही पुष्कळ बोललो, हसलोही. ते पाणी कुठलं, हे तिघांनाही कधी कळलं नाही.  गार होतं, एवढं मात्र मला माझ्या बोटांनी माहीत आहे.