नानांचा तळहात

प्रा. दगाजी पाटील, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, मी प्रथम पाहिले ते जळगावच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या नळाखाली तळहात धरून उभे असताना. थर्मामीटरवर भरवसा नाही का, असे मी विचारले. "शे ना," ते अहिराणी वळणात म्हणाले, "पण तो चुकला तर आपल्याला कळायला हवं."

गौरव समितीने मला त्यांच्या साधेपणावर लिहायला सांगितले आहे. ज्यांनी माझी पीएच.डी. वर्षभर लांबवली, त्यांना साधे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माझा विषय नॅनोद्रवाचा. चौकोनी नळीत तीन तापवलेले दंडगोल. त्यांच्यावरून एकदा साधे पाणी सोडायचे, एकदा अतिसूक्ष्म कण मिसळलेले, आणि उष्णता कोण जास्त ओढून नेते ते पाहायचे. माझे कण अफाट काम करत होते. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता, त्यावर बढती अवलंबून होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी नाना आले आणि सवयीने नळाखाली हात धरला. मग माझी वही चाळली. कण तळाशी बसतात म्हणून ते मिश्रण मी सकाळीच ढवळून वापरत असे. साध्या पाण्याची पाळी जेवणानंतर. आत येणाऱ्या पाण्याचे तापमान मात्र रोज एकदाच, सकाळी, लिहिलेले.

"ताई, ही करामत कणांची नाही. आपली टाकी गच्चीवर शे. दुपारी साधं पाणी आधीच तापून येतं, ते उष्णता कमीच ओढणार."

हे कोणाच्या लक्षात येणार, असे मी म्हणाले. "तुमच्या आलं ना आता," एवढेच बोलून त्यांनी मार्गदर्शक म्हणून प्रबंधावर सही नाकारली. मी त्यांना नाही नाही ते सुनावले. बढती गेली. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत हजर. सोनगीरला गावी जायचे रद्द करून सुट्टीभर त्यांनी माझ्यासोबत बादल्या ढवळल्या, प्रत्येक वेळी आतल्या पाण्याचे तापमान स्वतः घेतले, आणि काकूंनी दिलेल्या कळण्याच्या भाकरीतली अर्धी मला दिली. शेवटी फायदा उरला अगदी थोडा. मी रडकुंडीला आले. "थोडा शे, पण खरा शे," नाना म्हणाले.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिने माझा प्रयोग पुन्हा केला होता. आकडे जुळले.

नाना, पंचाहत्तरीच्या मनापासून शुभेच्छा. त्या वर्षाचा माझा राग अजून शिल्लक आहे. तो पुरता ऐकून घेण्याइतके आयुष्य आणि ठणठणीत कान आपल्याला लाभोत.