शिसवाचा पाट आणि दाजींचं धोतर

लाकडातलं मला सगळं कळतं, असं त्या काळी मला वाटत असे. पुण्यातल्या एका दुकानात शिसवाच्या खुर्चीवर बसलो म्हणून मालकानं मला हाकललं होतं. एवढं शिक्षण मला पुरेसं होतं!

ताईचं लग्न भूगावात ठरलं, तेव्हा नवऱ्याच्या मामांनी एकच अट घातली. "आमचा नवरदेव शिसवाच्या पाटावरच बसंल. न्हाईतर उभ्यानंच परत जाईल!" माझ्या वडिलांचं, आबांचं, तोंडच उतरलं. आमच्या माले गावात शिसव आणायचं कुठून?

"आबा, लाकडाचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. (इथंच मला कुणीतरी कोंडून घालायला हवं होतं.)

रानातून आणलेल्या ओंडक्यांत एक काळपट, जडशीळ ओंडका सापडला. पाण्यात टाकला तर धोंड्यासारखा तळाला! धोंडिबा सुतारानं रंधा मारला, तर रंध्याचंच पातं गेलं.

"आरं, ह्यो खैर तर न्हाई?" आबांनी विचारलं.

"पानातला कात काढत्यात त्यो खैर? छ्या! आवो, मी पुण्यात शिसवावर बसलोय!"

"मला काय, लाकूड हाय येवढं नक्की," धोंडिबा म्हणाला आणि कामाला लागला.

लग्नादिवशी पाट चमकावा म्हणून मी त्याच्यावर तांब्यामागून तांबे पाणी ओतलं. मामांनी हात फिरवला. "लई झ्याक!" दाजी पांढऱ्याशुभ्र धोतरात ऐटीत बसले. आबांनी जावयाचे पाय धुतले, तेही हौसेनं, घागरभर पाण्यानं. सगळं पाणी पाटावर!

थोड्याच वेळात पाटाखालून लालभडक ओहोळ निघाला. दाजी जरासे कलले, आणि मागची एक म्हातारी किंचाळली, "अगं बया! नवरदेव विड्यावर बसलाय का काय?"

मांडव खदखदला. मामा कडाडले, "ऊठ रं! चल घरी!"

"ह्या धोतरात? मी उठायचा न्हाई!" दाजी म्हणाले.

घरी जायला उठेनात हे बरं, पण सप्तपदीलाही उठेनात! ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दाजींच्या कानाशी लागलो, "उठा दाजी. मागनं मी झाकतो."

आणि निघालो! पुढं दाजी, त्यांना चिकटून उपरणं धरलेला मी, माझ्यामागं ताई. भटजी पाऊल म्हणाले की तिघांचं पाऊल पडे. शेवटी मामासुद्धा पोट धरून हसले आणि ताई सुखानं नांदायला गेली.

माझी बायको मात्र आजही पाहुण्यांना सांगते, "मी ह्यांची दुसरी. ह्यांची पहिली सप्तपदी दाजींबरोबर झालीय!"