अर्ध्या गोळीची मालकीण

काचकाकांनी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. हिरकणीने काचेवर रेघ ओढायची, खालून बोटाने हलकी टिचकी मारायची, की काच बरोबर रेघेवर सुटायची. पण औषधाची गोळी काही त्यांना साधली नाही.

रक्तदाब काका-काकू दोघांनाही होता आणि औषधही एकच. डॉक्टरांनीच युक्ती सांगितली होती. दुप्पट ताकदीची गोळी जवळजवळ त्याच किमतीला मिळते, मध्ये खाच असते. रोज एक मोडा आणि दोघं अर्धी अर्धी घ्या. शिवाय औषधाच्या दुकानात वयस्कर जोडप्यांसाठी सवलतीचं कार्ड निघालं होतं, तेही काकूंनी काढून आणलं. काका गोळी मोडायला बसले की तिचा भुगा व्हायचा.

"अहो, काच नाही ती," म्हणून काकू बशी ओढून घ्यायच्या, गोळी कटकन मोडायच्या आणि मोठा तुकडा काकांकडे सरकवायच्या.

"मोठा मलाच का रोज?"

"मी पडले अर्धांगिनी. अर्ध्या गोळीची मालकीण. त्यात वर मोठा तुकडा कुठे मागू?"

काकू गेल्या त्या लेकीच्या गावी. सगळं तिथंच उरकलं. काका एकटे परतले, तेव्हा शेजारीपाजारी दोन दिवस बसायला आले आणि मग आपापल्या कामाला लागले. दोन गल्ल्या पलीकडच्या औषधाच्या दुकानात मात्र कुणाला पत्ता नव्हता. काका गोळ्या आणायला गेले, तर दुकानाच्या बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काकूंचं कसं चाललंय?"

"बरं आहे," काका बोलून गेले.

परत येताना त्यांना चुटपुट लागली. पण हेही ध्यानात आलं, की ती अजून बरी आहे असं आता एवढं एकच ठिकाण उरलं आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

घरी ते रोज गोळी मोडायचे, आपला तुकडा घ्यायचे आणि तिचा तिच्या बटणांच्या डबीत टाकायचे. तो तुकडा दुसऱ्या दिवशी आपल्यालाच चालला असता, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. हात मात्र नवीच गोळी काढायचा.

मग कार्डाची मुदत संपली.

"दोघांच्या सह्या लागतील, काका," बाई म्हणाल्या. "काकूंना घेऊनच या. किती दिवसांत दिसल्या नाहीत. घरात कोंडून ठेवलंय की काय?"

मागे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. काकाही हसायला गेले, पण जमलं नाही.

"तिला पायऱ्या..." ते म्हणाले आणि थांबले. तिला पायऱ्या चढवत नाहीत, असं सांगायचं मनात होतं. पण पायऱ्या तर ती कायम त्यांच्या आधी चढून वर उभी असायची. तिच्याबद्दल असलं काही बोलायला जीभ रेटेना.

"ती गेली," ते म्हणाले. "थंडीतच गेली."

बाईंचा हात जागच्या जागी राहिला. मागचं गिऱ्हाईक उगाच साबणाच्या वड्या बघू लागलं.

"आणि मी आपली दर वेळी विचारत होते," बाई म्हणाल्या.

"विचारत होतात, ते बरं वाटायचं."

थोड्या वेळाने बाईंच्या काहीतरी लक्षात आलं. "पण काका, गोळ्या तर तुम्ही तितक्याच नेताय. अख्खी घेत नाही ना?"

"छे छे. अर्धीच. तिची डबीत ठेवतो."

"मोडलेली गोळी अशी साठवायची नसते, दमट होते. आजचा उरलेला तुकडा उद्या घ्यायचा. ती डबी इकडे आणा, मी लावते विल्हेवाट." मग त्या जरा समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "एकट्याच्या कार्डाला सूट कमी आहे, पण गोळ्या निम्म्याच लागतील. फायदाच होईल. एवढ्याच दोन महिने पुरतील."

"म्हणजे मी दोन महिन्यांनी यायचं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कात्री घेतली आणि पट्टी मधोमध कापली. "निम्म्या आज न्या. निम्म्या पुढच्या महिन्यात."

"उगाच तुम्हाला त्रास."

"डबी घेऊन उद्या यायचंच आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खाचेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून गोळी मोडली. मोडली, पण वाकडी. सवयीने त्यांनी लहान तुकडा तिच्या बाजूला सरकवला. जरा वेळ बघत बसले. मग तोच उचलून पाण्याबरोबर घेतला, मोठा उद्यासाठी वाटीखाली झाकून ठेवला. डबीतली बटणं निवडून खिशात घातली, डबी हातात घेतली आणि दाराला कडी लावली.

दुकान उघडायला अजून बराच अवकाश होता.