बारदान वजा करून दोन किलो

कुंडलिकचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला भवानीनगरच्या साखर गोदामात पहिला ट्रक लागे आणि पन्नास किलोचे पहिले पोते त्याच्या पाठीवर येई. एकतीस वर्षे. मी त्याच्याच हमाल टोळीत होतो, म्हणून सांगतो: हा माणूस उसवलेले पोते कधी पाठीवर घेत नसे. आधी टाके बघायचा, मग वाकायचा. असा माणूस एका डब्याला फसला.

डबा मुलीसाठी होता. सुकन्याची पोलीस भरतीची ही तिसरी आणि शेवटची खेप. यंदा नाही झाले तर लग्न, असे घरात ठरले होते. आठशे मीटर धावण्यात ती दोन्ही वेळा मागे राहिली होती. वजन एकोणसत्तर.

बारामतीत दीपक सर म्हणून एकाची व्यायामशाळा आहे. भिंतभर आरसे, आणि सर कायम त्यातल्या एकासमोर उभे. तिथे लोखंड उचलतात आणि होते तिथेच परत ठेवतात. एक ट्रक भरत नाही, एक थप्पी लागत नाही. याला कष्ट म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

सरांनी सुकन्याला धावणे कमी सांगितले, पावडर जास्त. "दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. चरबी जाते, ताकद येते." डबा पांढरा, त्यावर कागद नाही. "मोठ्या पिशवीतून मीच भरून देतो," सर म्हणाले. "कंपनीचं नाव आलं की भाव वाढतो."

कुंडलिकने त्याला येत होती तशी तपासणी केली. तसलाच एक रिकामा डबा मागून आणला. दोन्ही डबे गोदामातल्या लहान काट्यावर ठेवले आणि रिकाम्याचे वजन, म्हणजे आमच्या भाषेत बारदान, वजा केले. बरोबर दोन किलो, सरांनी सांगितले तेवढेच.

"माणूस खरा हाय," तो मला म्हणाला.

"चव बघितली का?"

"पोरीचं औषध हाय ते. बापानं चाटायचं व्हय?"

"लई गोड लागतं," असे सुकन्या एकदा म्हणाली होती. सर म्हणाले, चवीसाठी असते. तिने संध्याकाळची भाकरी सोडली, पावडर सोडली नाही. तिसरा डबा उघडला तेव्हा वजन त्र्याहत्तर होते. सर म्हणाले, ताकदीचे वजन आहे, धीर धरा.

मग पावसाळी हवेत डब्याचे झाकण उघडे राहिले. सकाळी चमचा आत शिरेना. कुंडलिकने एक गुठळी बोटांत धरली आणि थबकला. ओल धरलेले पोते त्याने याच बोटांनी एकतीस वर्षे ओळखले होते. गुठळी जिभेवर ठेवली. थोडी दुधाची पावडर, थोडा वास, बाकी सगळी पिठीसाखर.

आम्ही दोघे बारामतीला गेलो.

"सर, ही साखर हाय."

"आबा, तुम्हाला काय कळतं यातलं? हे शास्त्र आहे."

"मला दुसरं कायच कळत न्हाय. एवढंच कळतं."

आरशासमोरची पोरे हसली. सर चिडले. "पोरगी घरी काय चरते ते बघा आधी. पैसे परत मिळणार नाहीत."

कुंडलिकने उरलेली पावडर सरांच्या टेबलावर पालथी केली. "मुंग्या यिऊ द्या. त्या सांगत्याल शास्त्र."

दुसऱ्या दिवसापासून सुकन्याही चारला उठू लागली. कालव्याच्या भरावावरून ती पुढे धावायची, बाप सायकलवर मागे. पाचला तो गोदामात. तिच्या ताटात भाकरी परत आली, सोबत मटकीची उसळ आणि दोन अंडी. साखर बंद. साडेचार महिन्यांत वजन बासष्टवर आले. मैदानावर आठशे मीटर दोन मिनिटे बावन्न सेकंदांत झाले, आणि यादीत नाव लागले.

आठवड्याने चौकात फ्लेक्स लागला. सुकन्याचा फोटो, वर 'आमच्या व्यायामशाळेचा अभिमान', बाजूला हाताची घडी घातलेले सर. कोपऱ्यात तोच पांढरा डबा. आता त्याला कागद होता, सरांच्याच नावाचा.

कुंडलिक खाली उभा राहून बघत होता.

"मोठा केलाय," तो म्हणाला. "किती लागलं आसंल?"

मी हिशेब केला. तीन डब्यांच्या पैशात तेवढा फ्लेक्स आरामात होतो.